सत्कार झालेला फुलबॅक

"पाय! अहो, पाय लावला त्यानं! देवापुढच्या नारळाला पाय लावला!"

शोभाकाकू अशा ओरडल्या की अमेरिकेतल्या चर्चच्या त्या हॉलमधली झाडून सगळी मराठी डोकी स्टेजकडे वळली. झालं होतं एवढंच, की सत्काराचा नारळ डॉक्टर वऱ्हाडपांड्यांच्या हातातल्या तबकातून घरंगळला. तुमच्या-माझ्यासारखा माणूस "अरे अरे" म्हणत वाकला असता आणि तोवर नारळ फुटलाही असता. पण सत्कारमूर्ती होते मुस्यू गास्तों, फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाचे एके काळचे कप्तान आणि बचावफळीचा कणा. आपल्या हद्दीत पडणारी वस्तू जमिनीला टेकू द्यायची नाही, एवढं एकच काम या माणसानं जन्मभर केलेलं. त्यानं नारळ मांडीवर घेतला, तिथून पायाच्या चवड्यावर उतरवला आणि चवड्यावरून उडवून अलगद डॉक्टरांच्या पोटाशी नेऊन ठेवला. अंगावरची शाल जागची हलली नाही. नारळाच्या शेंडीचा एक केस विस्कटला असेल तर मी कोल्हापूरचा नाही.

अर्ध्या हॉलनं टाळ्या वाजवल्या, अर्ध्यानं कानाला हात लावले. मी खुणा केल्या तसा गास्तोंनं नारळ दोन्ही हातांत घेऊन कपाळाला टेकवला. शोभाकाकू तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदार, शिवाय पूजेची व्यवस्था त्यांच्याकडे. त्या शांत झाल्या आणि गणपतीही काही बोलला नाही.

तिसऱ्या रांगेत मात्र एक गोरा माणूस च्युइंगगम चघळत नुसता बसून होता. त्यानं ना टाळ्या वाजवल्या, ना कानाला हात लावले. तो वॉल्ट. धंद्यानं गालिचेवाला आणि हौसेनं तिथल्या एका फुटबॉल संघाचा मालक. गास्तोंचं पुढचं वर्ष त्या माणसाच्या मुठीत होतं. ते आम्ही शाल पांघरून, गुलाबपाणी शिंपडून, हसतमुखानं कसं घालवलं आणि मग परत मागायला कोणकोणते उपद्व्याप केले, ते आता मुळापासून सांगतो.

सांता क्लारा

मी पेशानं शाळेतला ड्रिल मास्तर, पण अंतःकरणानं फुलबॅक. तरुणपणी आमच्या पेठेच्या संघात मी असा खेळायचो की पलीकडच्या पेठेतल्या आया पोरांना माझं नाव सांगून जेवू घालायच्या. रिटायर झालो आणि पुतण्या सुहासचं पत्र आलं, "आबाकाका, एकदा अमेरिका बघून जा." ऐंशीच्या दशकातला मधला कुठला तरी उन्हाळा होता. निघालो.

बॅगेत कोल्हापुरी चटणीची बरणी होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबानं झाकण उघडून नाक आत घातलं. त्यानंतर बराच वेळ त्या दालनातून अमेरिकेत कोण शिरलं आणि कोण बाहेर पडलं, याची सरकारदरबारी नोंद नाही.

सांता क्लारा हे गाव म्हणजे निव्वळ रस्ते. रुंद इतके, की पलीकडच्या कडेला माणूस दिसलाच तर तो उद्याचा वाटावा. पण दिसत नाही. मी सकाळी पायी फिरायला निघालो तर दोन गाड्या थांबल्या. आतल्या बायांनी काळजीनं विचारलं, तुमची गाडी बंद पडली का? पूर्वी इथं सगळ्या जर्दाळूच्या आणि आलुबुखाऱ्याच्या बागा होत्या म्हणे. आता त्या तोडून कॉम्प्युटरच्या चिपा पिकवतात. सुहास त्याच शेतावर कामाला. त्याची बायको वैजयंती बँकेत. दोघं सकाळी गेली की घरात मी आणि फ्रिज.

आमच्या इमारतीत गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी होती. मी धोतर घातलं वाळत. मॅनेजरबाईंचा फोन सुहासच्या ऑफिसात गेला. "काका, प्लीज, खाली लाँड्री रूम आहे, तिथं मशीनमध्ये टाका," तो कळवळून म्हणाला. टाकलं. पण मशीन बनवणाऱ्यानं धोतर बघितलेलं नव्हतं. आतल्या दांड्याला धोतरानं असे काही वेढे घातले, की मशीन धापा टाकत जागचं उठलं आणि दाराच्या दिशेनं चालू लागलं. मी मागं, मशीन पुढं. एवढ्यात दारातून एक धिप्पाड माणूस आत आला. त्यानं घाई केली नाही, हात लावला नाही. बुटाचा तळवा पुढं केला आणि मशीन थांबवलं. बॉल थांबवावा तसं.

त्यानं हाफ पँट घातली होती. माझी नजर त्याच्या नडग्यांवर गेली आणि मी गार झालो. फुलबॅकची जन्मपत्रिका नडगीवर लिहिलेली असते. ही तर अख्खी पोथी होती. मग वर चेहरा बघितला. या माणसाचं चित्र आमच्या तालमीच्या भिंतीवर होतं! कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापून खळीनं चिकटवलेलं. मी त्याचं नाव घेतलं. तो दचकला. तीन वर्षं तो या गावात होता आणि त्याला नावानं ओळखणारा पहिला माणूस कोल्हापूरचा निघाला.

मी माझा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला आणि पाय पुढं ठेवला. तो खाली वाकला. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच तुटकं, त्यामुळं आमचं फार छान जमलं.

"ही खूण?" मी त्याच्या उजव्या नडगीकडं बोट दाखवलं.

"अर्जेंटिना," तो म्हणाला. मग माझ्या खुणेकडं बोट करून, "आणि ही?"

"पलीकडची पेठ!" मी छाती काढून म्हणालो.

त्यानं आदरानं मान डोलावली.

धुकं आणि रस्सा

रविवारी सुहासनं आम्हा दोघांना तो प्रसिद्ध लाल पूल दाखवायला नेलं. पूल काही दिसला नाही. पुलावर उभं राहून धुकं तेवढं पाहिलं, आणि तेही उत्तम प्रतीचं होतं. खाली समुद्र असावा, कारण आवाज येत होता. बंदरावर पावाची वाटी करून तीत सूप देतात. गास्तोंनं त्या पावावर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि "ही भिंत आहे" असं म्हणून तो बाजूला ठेवला.

धुक्यात कठड्याला टेकून त्यानं मला त्याची कहाणी सांगितली. उत्तर फ्रान्समधलं कोळशाच्या खाणींचं गाव. बाप खाणीत. लहानपणी याला गोल मारायचे होते, पण संघातल्या सगळ्याच पोरांना गोल मारायचे होते. पहिल्या दिवशी हा उशिरा पोचला, तेव्हा शिकवणारे पाद्री म्हणाले, शेवटी आलास, शेवटी उभा राहा. तेव्हापासून तो मागं उभा होता. मागं उभं राहून राहून मोठा क्लब, मग देशाचा संघ, मग कप्तानपद.

"आणि त्या ब्राझीलच्या वाघाला तुम्ही अख्खा सामना बॉलला शिवू दिलं नाही म्हणे! आमच्या तालमीत अजून सांगतात, त्याच्या डोळ्यांत बघून तुम्ही त्याला जागच्या जागी खिळवला!"

"मी त्याचा शर्ट धरला होता," गास्तों म्हणाला. "रेफरी बघत नव्हता."

"आणि डोक्यानं बॉल काढताना गोलपोस्ट मोडला!"

"खांदा मोडला. पोस्ट चांगला होता."

असा हा माणूस. त्याच्या कारकिर्दीला चव आणायची म्हणजे मीठमसाला बाहेरूनच घालावा लागायचा. आणि बरणी माझ्याकडं होतीच. त्या संध्याकाळी मी मटण केलं, तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से. पांढरा तो सूप समजून वाडगाभर प्याला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला. तांबडा प्यायल्यावर मात्र त्याला भाषाच उरली नाही. डोळ्यांतून धारा. पण वाडगा सोडला नाही. फुलबॅक!

डोळे पुसता पुसता तो मूळ गोष्टीवर आला. छत्तिशी उलटली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर फ्रान्समधल्या क्लबनं त्याला नारळ दिला होता, म्हणून तो इथं आला. इथला मैदानी फुटबॉल आटत चाललेला. उरला तो बंद हॉलमधला, गालिच्यावरचा. वॉल्ट त्याला आणखी एक सीझन ठेवायचा की नाही, याचा विचार करत होता.

"एक वर्ष," गास्तों म्हणाला. "फ्रान्समध्ये मला थांबवलं. तसं पुन्हा नको. एक सीझन खेळेन, शेवटचा सामना कुठला ते मला आधी ठाऊक असेल, आणि मग मी थांबेन. मी स्वतः."

वैजयंतीनं त्याच्या वाडग्यात आणखी पांढरा रस्सा ओतला.

चर्चमधला गणपती

गणपती जवळ आला. महाराष्ट्र मंडळाचा उत्सव चर्चचा हॉल भाड्यानं घेऊन व्हायचा. येशूच्या बाजूच्या खोलीत मोदकांची परात. मोदकांचं सारण तिथल्या रिकोटा चीजचं, पण खाताना कोकणातला माणूससुद्धा डोळे मिटत होता. तेवढ्यात घोटाळा झाला. प्रमुख पाहुणे म्हणून एक गवई यायचे होते, त्यांनी ऐन वेळी कॅन्सल केलं. आता आपल्या लोकांचं तुम्हाला माहीत आहे. गणपती उशिरा आला तर चालेल, पण प्रमुख पाहुणा नसला तर कार्यक्रमाला सुरुवात कशी करायची, हेच कुणाला कळत नाही.

मी म्हणालो, "माझ्या ओळखीचा आहे एक. फ्रान्सचा कप्तान."

"काय सांगता बाप्पा!" अध्यक्ष डॉक्टर वऱ्हाडपांडे उडालेच. ते नागपूरचे, दातांचे डॉक्टर. "मग विचार काय करून राहिले? आणा ना त्यांना!"

गास्तोंही खूश. त्यानं वॉल्टला बोलावलं. एवढी माणसं आपल्यासाठी जमतात हे मालकाला दिसलं तर काम होईल, असा त्याचा साधा हिशेब.

कार्यक्रम सुरू झाला. कारकिर्दीचा आढावा मी घेतला. त्यात ब्राझीलचा वाघ आला, मोडलेला पोस्ट आला, आणि माझ्या आग्रहास्तव एक वादळही आलं. मग शाल झाली, नारळ झाला, तो पायाचा प्रकार झाला. शेवटी डॉक्टर माइकपाशी गेले. सत्काराचं भाषण जसं संपतं तसंच त्यांनी संपवलं. गेली शंभर वर्षं ते तसंच संपत आलंय आणि कुणाला त्यात काही वाटलेलं नाही. "मुस्यू गास्तों यांनी फुटबॉलची प्रदीर्घ सेवा केली. त्यांचं उर्वरित आयुष्य सुखाचं, समाधानाचं आणि आरोग्याचं जावो, अशी गणरायाचरणी प्रार्थना करतो!"

टाळ्या. मग पाहुण्यांना कळावं म्हणून डॉक्टरांनी हेच सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.

सुहास माझ्या कानाशी आला. "काका, हे इंग्रजीत फार शेवटचं वाटतंय यार."

वॉल्टनं च्युइंगगम चघळणं थांबवलं. कार्यक्रम संपल्यावर तो स्टेजपाशी आला आणि गास्तोंचा हात हातात घेऊन म्हणाला, "छान झाली पार्टी. सोडतोयस हे आधी सांगायचंस, मी फुलं आणली असती." हॉलमध्ये ढोल वाजत होता. गास्तोंला वाटलं, मालक अभिनंदन करतोय. तो हसला आणि म्हणाला, "थँक यू, थँक यू."

सोमवारी संध्याकाळी आमचं दार वाजलं. गास्तों उभा होता. हातावर शाल, नीट घडी घातलेली. क्लबमधलं त्याचं कपाट रिकामं करून दुसऱ्याला दिलं होतं.

"काका," त्यानं विचारलं, "हे कापड तुम्ही संपलेल्या माणसाला देता?"

वैजयंती स्वयंपाकघरातून धावत आली. "नाही हो! मला दिली होती, बोर्डात आले तेव्हा! सोळा वर्षांची होते मी!"

गास्तोंनं एकदा तिच्याकडं, एकदा शालीकडं बघितलं. पण शाल काही परत खांद्यावर घेतली नाही.

गालिच्यांचं दुकान

दुसऱ्या दिवशी मंडळाचं शिष्टमंडळ वॉल्टच्या दुकानावर गेलं. सुहासनं ऑफिसात पोट दुखतंय म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी दुसऱ्यांचे दात दुखत ठेवले. शोभाकाकू पुढं, आम्ही मागं. दुकानभर गालिचे अंथरलेले. आम्ही चौघांनी सवयीनं दारातच चपला-बूट काढले आणि ओळीनं लावले. वॉल्टचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत त्याच्या मालावर बूट काढून चढलेली ही पहिली गिऱ्हाइकं असावीत.

"तो रिटायर झालेला नाही!" शोभाकाकूंनी थेट मुद्द्यालाच हात घातला.

"तुम्ही त्याला उरलेल्या आयुष्यासाठी शुभेच्छा दिल्या," वॉल्ट म्हणाला. "मी ऐकलं."

"त्या आम्ही सगळ्यांनाच देतो! या डॉक्टरांचे विचारा किती सत्कार झाले."

डॉक्टर लाजले. "मोजले नाहीत. पहिला झाला तेव्हा मी हाउसमन होतो. दर वेळी उर्वरित आयुष्य चिंतलं, आणि अजून उरूनच राहिलंय."

"आणि अजून दात काढता?"

"उद्याची अपॉइंटमेंट देऊ का?"

वॉल्ट हसला. आम्हाला वाटलं जिंकलो. पण तो एका गुंडाळलेल्या गालिच्यावर बसला आणि त्याचा आवाज खाली आला. "हे बघा, पार्टीमुळं काही झालं नाही. पार्टीनं माझं काम सोपं केलं, इतकंच. त्याचा गुडघा मी पाहिलाय. तो स्लो झालाय. माझ्याकडं रिकी म्हणून पोरगा आहे, तो गास्तोंला कापून निघून जातो. मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगणं मला जमत नव्हतं. तुम्ही सांगितलंत."

मी काहीतरी अफाट बोलणार होतो, पण काकूंनी मला कोपरानं दाबलं.

"मग तोंडावर सांगा," त्या म्हणाल्या. "पण त्याला खेळताना बघून सांगा. शाल पांघरून बसलेला बघून नाही."

वॉल्ट गालिच्यावरून उठला. मग म्हणाला, "रविवारी प्रॅक्टिस मॅच आहे. रिकीसमोर उभा करतो. अर्धा सामना. बास."

भिंतीतलं मैदान

तिथला तो खेळ सांगितला तर कोल्हापुरात मला कुणी पारावर बसू देणार नाही. छताखाली मैदान, गवताऐवजी हिरवा गालिचा, आणि चारी बाजूंनी कमरेइतक्या लाकडी फळ्या. बॉल बाहेर जातच नाही, फळीवर आपटून परत येतो. गास्तों त्याला बिलियर्ड म्हणायचा. मला मात्र आमचा बोळच आठवला, फक्त इथं बॉल लागला म्हणून खिडकीतून पाणी फेकणारं कुणी नव्हतं.

मंडळ झाडून आलं होतं. पोळीभाजीचे डबे, थर्मास, सतरंज्या. रिकाम्या हॉलात ठरलेल्या प्रॅक्टिसला जत्रा भरली. वॉल्ट फळीला टेकून उभा.

रिकी विशीतला, काटक. धावायचा असा, की त्याची सावली मागून येऊन विचारत असावी, कुठं गेला? पहिल्याच मिनिटाला त्यानं बॉल फळीवर मारला, गास्तोंच्या पाठीमागून वळसा घेतला आणि परत आलेला बॉल गोलात घातला. गास्तों वळेपर्यंत सगळं संपलं होतं. वळताना त्याचा गुडघा दुमडला आणि तो हातांवर पडला.

आमच्या सतरंज्यांवर कुणाचा घास तोंडात गेला नाही. वॉल्टनं खाली बघितलं. "झालं," सुहास पुटपुटला.

गास्तों उठला. त्यानं गुडघ्यावर एक चापट मारली आणि त्यानंतर, मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो, तो धावलाच नाही. चालत होता. दोन पावलं इकडं, अर्धं पाऊल तिकडं. रिकी आला की हा त्याच्या आड येत नव्हता, फक्त एक बाजू उघडी ठेवून उभा राहायचा. रिकी त्या बाजूनं सुटायचा आणि कोपऱ्यात फळीला नाक लावून थांबायचा. गोठा आपला म्हणून म्हैस स्वतःहून आत जाते ना, तसा. मग गास्तों जायचा, पायातला बॉल काढून घ्यायचा आणि पुढं द्यायचा. एकदा, दोनदा, परत परत. रिकी डाव्या बाजूनं आला, उजव्या बाजूनं आला. मला वाटतं एकदा छतातूनही आला असावा. प्रत्येक वेळी कोपरा त्याची वाट बघत होता.

"आत घे त्याला, आत घे!" मी फळीवर चढून ओरडत होतो. "सोडू नका मुस्यू! पेठेची शान!" कुठली पेठ ते मलाही माहीत नव्हतं. शोभाकाकू शिट्टी वाजवत होत्या. नागपूरचे डॉक्टर एका अनोळखी अमेरिकनाला मिठी मारून बसले होते.

शेवटी रिकी मध्यातून सुटला. समोर नुसता गोलकीपर. आणि त्या दिवशी पहिल्यांदा गास्तोंनं अंग टाकलं. गालिच्यावर घसरत गेला, रिकीला धक्का न लावता बॉल तेवढा काढला, तो फळीवर आपटला आणि उठून उभ्या राहिलेल्या गास्तोंच्याच पायाशी परत आला. हॉलमध्ये असा आवाज झाला की चिपांच्या कारखान्यांत मशिनं क्षणभर चुकली असतील. रिकीनं कमरेवर हात ठेवले, मान हलवली आणि हसून गास्तोंच्या पाठीवर थाप मारली.

वॉल्ट गास्तोंला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार बंद. आम्ही सगळे बाहेर. डबे तसेच उघडे, थर्मासमधला चहा गार. शोभाकाकू ओठांतल्या ओठांत अथर्वशीर्ष म्हणत होत्या.

दार उघडलं. गास्तों लंगडत आला आणि बाकावर बसून त्यानं गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मला राहवेना. "मुस्यू! आज तुम्ही जे केलं ते कोल्हापुरात केलं असतं तर हत्तीवरून साखर वाटली असती! गावात तीन दिवस दुकानं उघडली नसती! पोरांना तुमचं नाव दिलं असतं, पोरींनासुद्धा! बोला आता, काय म्हणाला गालिचेवाला? वर्ष दिलं का?"

गास्तोंनं बर्फाची पिशवी जरा सरळ केली.

"उद्या सकाळी प्रॅक्टिस आहे," तो म्हणाला.